आंबा-हबानेरो सॉस शेवभाजीत का फसला, आणि तो घालायचा कशावर

चोपड्याहून एका भाऊंनी विचारलंय. भाच्याने पुण्याहून आंबा-हबानेरोचा हॉट सॉस आणून दिला, बाटलीवरचं आंब्याचं चित्र बघून यांनी चमचाभर सरळ तोंडात टाकला आणि मग बराच वेळ नाकाडोळ्यातून पाणी. दुसऱ्या दिवशी तोच सॉस शेवभाजीत ओतला तर भाजी तिखट लागायच्या ऐवजी गोडसर लागली आणि घरच्यांनी नावं ठेवली. त्यांचं म्हणणं असं की याची चव बघायची तरी कशी, आपल्या जेवणात हा कशावर चालतो, का देऊन टाकू कुणाला.

देऊन नका टाकू भाऊ. मी जळगावात लोणची-चटण्या करते, आणि बरीच वर्षं झाली फळांचे तिखट सॉसही करते, त्यामुळे चव बघणं हे माझं रोजचंच काम आहे, आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे कायम भेटतात. सॉस वाईट नाहीये, तो चुकीच्या पातेल्यात गेला एवढंच.

आधी हे समजून घ्या की हा सॉस आला कुठून. हबानेरो ही मेक्सिकोच्या युकातान भागातली आणि कॅरिबियन बेटांच्या बाजूची मिरची, दिसायला छोट्या आकाशकंदिलासारखी, पिकली की केशरी किंवा लाल. तिकडे आंबा, पपई, अननस घालून तिचे सॉस करतात, बार्बाडोसला तर मोहरी आणि हळदसुद्धा घालतात. पण तिकडचं घरचं जेवण बघा, भात आणि राजम्यासारखे बीन्स, तळलेला मासा, भाजलेलं मांस, अंडी. भांड्यात मसाला बेताचाच असतो आणि तिखट ज्याने त्याने ताटात आपल्या हिशोबाने वरून घ्यायचं. आपल्याकडे उलटं चालतं ना. आपलं तिखट भाजीच्या आत शिजलेलं असतं, काळ्या मसाल्यात, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्यात, लसणात, तेलाच्या तर्रीत. मग त्यात फळाचा सॉस ओतला की आंब्याचा वास काळ्या मसाल्याखाली पार दबतो, त्याचं तिखट आधीच्या तिखटात हरवतं आणि मागे उरते फक्त साखर. तुमच्या शेवभाजीचं हेच झालं. त्यात परत उकळत्या रश्शात टाकलात म्हणजे फळाचा जो काही वास होता तोही वाफेबरोबर गेला.

म्हणून माझा सगळा हिशोब एकाच गोष्टीवर आहे, आपण जे साधं शिजवतो त्यावर हा सॉस घालायचा, आणि तोही गॅस बंद झाल्यावर, ताटात. वरण, खिचडी, बट्टी, अंडी, तळण, भाजलेलं काहीतरी. जिथे काळा मसाला आहे तिथे याचं काम नाही.

आता चव बघायचं. चमचा भरून कधीच नाही, मी स्वतः बनवलेला सॉससुद्धा तसा खात नाही. बाटली हलवा, झाकण उघडा आणि आधी वास घ्या, पण नाक बाटलीच्या तोंडाला चिकटवून नाही, थोडं लांबून, नाहीतर व्हिनेगरचा भपका बसेल आणि पुढचं काहीच कळणार नाही. चांगल्या सॉसमध्ये व्हिनेगरच्या मागून फळ यायला पाहिजे. हबानेरोला स्वतःचाच एक फळाचा वास असतो, जर्दाळूच्या जवळ जाणारा, आपल्या लवंगी मिरचीला किंवा ज्वालाला तसा वास नाही, आणि लोक या मिरचीच्या मागे लागतात ते तिखटाइतकंच त्या वासासाठी. नुसतं व्हिनेगर आणि साखरेच्या पाकाचा वास आला तर समजा पैसे चित्राचे दिलेत.

मग एक थेंब, खरंच एक थेंब, बशीत घ्या आणि बोट फिरवून बघा. गुळगुळीत आणि तार धरणारा असेल तर घट्टपणा गोंदाचा आहे, लेबलवर आयएनएस ४१५ लिहिलेलं असतं ते झँथन गम, त्यात वाईट काही नाही, सॉस फुटू नये म्हणून आम्हीही चिमूटभर घालतो, पण जास्त झाला की जिभेला बुळबुळीत लागतं. फळाचा सॉस थोडा रवाळ, किंचित असमान असतो. लेबल वाचायची सवय लावाच. आपल्याकडच्या नियमाने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे पहिलं नाव जास्तीत जास्त. पाणी, साखर, मग कुठेतरी खाली आंब्याचा गर आणि त्याच्याही खाली मिरची असेल तर तो गोड पाक आहे. आंब्याचा गर किंवा मिरची पहिल्या दोन-तीनात पाहिजे. आयएनएस ११० दिसलं तर तो पिवळा-केशरी रंग बाहेरून आलाय, आंब्याचा नाहीये.

तो थेंब आता साध्या भातावर किंवा भाकरीच्या पापुद्र्यावर घेऊन खा. भाकरी ज्वारीची, कळण्याची नको, कळण्याला उडदाची स्वतःची चव असते. भाकरी गरम नको, कोमट किंवा गार चालेल, का ते सांगते पुढे. चावा, जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि थांबा. लोक इथेच फसतात. हबानेरोचं तिखट लगेच येत नाही, आधी गोड लागतं, मग आंबट, फळ कळतं, माणूस म्हणतो अरे काहीच नाही आणि दुसरा घास मोठा घेतो, आणि तेवढ्यात पहिल्याचं तिखट घशाच्या मागच्या बाजूने चढतं आणि बराच वेळ उतरत नाही. ठेच्यातली हिरवी मिरची जिभेच्या शेंड्यावर झटकन लागते आणि लवकर जाते, आपली जीभ त्या हिशोबाची झालेली असते. तेव्हा एका थेंबानंतर निदान मिनिटभर दुसरा नको. त्या मिनिटात चार गोष्टी बघायच्या, गोड किती, आंबट कशाचं (व्हिनेगरचं टोचतं, लिंबाचं वर येतं, कैरीचं दातांना लागतं), मीठ पुरेसं आहे का, आणि शेवटी तिखट उतरल्यावर तोंडात फळ राहतंय का नुसती आग. फळ राहिलं तर बाटली चांगली.

दोन-तीन बाटल्या असतील तर कमी तिखटापासून सुरुवात करा. जिभेची तिखट कळायची नस दमते, एकदा जोरदार खाल्लं की पुढचा सॉस सौम्य वाटायला लागतो, म्हणून नवीन माल चाखायला आम्ही सकाळी बसतो, पोहे-चहाच्या आधी.

तिखटाचं माप म्हणून बाटल्यांवर स्कोव्हिल आकडा लिहितात. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली ही पद्धत काढली, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागायचं कधी बंद होतं ते बघायचं. आता मशीनवर मोजतात. हबानेरो साधारण १ लाख ते साडेतीन लाख, आणि हालापिन्यो, ती पिझ्झावरची हिरवी चकती, अडीच ते आठ हजार. पण गोम अशी आहे की कित्येक बाटल्यांवर लिहिलेला आकडा मिरचीचा असतो, सॉसचा नाही. सॉसमध्ये फळ, व्हिनेगर, पाणी असल्याने तो मिरचीच्या पुष्कळ खाली येतो. त्या आकड्यावरून घाबरू नका आणि फुशारकीही मारू नका.

आता तोंड भाजलं तर काय. तिखटाचा पदार्थ कॅप्सेसिन, तो पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. म्हणून पाणी प्यायलात की तो धुतला न जाता तोंडभर पसरतो. दूध, दही, ताक घ्या, त्यात केसीन नावाचं प्रथिन असतं ते कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलतं, लोणी काढलेल्या पातळ ताकातही केसीन असतंच त्यामुळे साय नसली तरी काम होतं. गुळाचा खडाही बरा. आपल्याकडे सगळ्यात हाताशी काय तर केळं, गार, गोड आणि तोंडात सगळीकडे लागणारं, मी माझ्या टेबलावर ताकाबरोबर केळं ठेवतेच.

मघाशी गरम भाकरी नको म्हटलं त्याचं कारण असं. जिभेवर जो संवेदक तिखट ओळखतो तोच उष्णतासुद्धा ओळखतो, साधारण ४३ अंशाच्या वर तो चेततो, आणि कॅप्सेसिन लागलं की मेंदूला तोच निरोप जातो, भाजतंय म्हणून. डेव्हिड ज्युलियस यांना हा संवेदक शोधल्याबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूशियन यांच्याबरोबर विभागून. म्हणजे चटका देणारा रस्सा आणि वरून हबानेरो, दोन्ही एकाच दारावर लाथा मारतात. आंबटानेही तो संवेदक जास्त चेततो, त्यामुळे व्हिनेगरवाला सॉस त्याच्या मिरचीच्या हिशोबापेक्षा जरा जास्तच लागतो. गरम पदार्थावर घालताना हात आखडता आणि गार पदार्थावर थोडा सैल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बरं, आता मुद्द्याचं, घालायचं कशावर. माझ्या मते आपल्याकडची पहिली जागा खिचडीची. तुरीच्या डाळीची मऊ खिचडी, वरून कच्चं शेंगदाणा तेल, बाजूला भाजलेला पापड आणि कांदा, आणि ताटाच्या कडेला छोटा चमचा सॉस. सगळ्या खिचडीत कालवू नका, घासागणिक बोट लावून घ्या. तेलामुळे तिखट हळूहळू मोकळं होतं, डाळ-भात ते सांभाळून घेतात आणि आंबा मस्त कळतो. ज्यांना सॉस आवडत नाही म्हणून सांगतात त्यांना मी आधी हेच खायला लावते.

दुसरी वरण-बट्टी. बट्टी उकडून तळलेली, चुरलेली, त्यावर तूप, त्यावर साधं वरण, हे सगळं गुळगुळीत आणि भारी असतं, त्याला आंबट-तिखट काहीतरी हवंच असतं, म्हणून तर आपण लिंबू पिळतो. लिंबाच्या जागी हा सॉस दोन-चार थेंब वरणात. पण सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी असेल तर तिला हात लावू नका, त्या भाजीत हिरव्या मिरचीचं आणि शेंगदाण्याचं जे जमलंय ते जमलेलंच राहू द्या.

भरिताचा प्रश्न वाद घालण्यासारखा आहे. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, त्याचं कच्चं भरीत म्हणजे हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे, यात सॉस घालणाऱ्याला माझी आजी घरात घेणार नाही. पण धूर आणि पिकलेलं फळ यांचं जमतं हे खरं आहे. मी काय करते, भाजलेल्या वांग्याचा थोडा गर मिरची घालायच्या आधीच बाजूला काढते, मीठ, थोडं कच्चं तेल, कांद्याची पात आणि अर्धा चमचा सॉस, भाकरीच्या तुकड्यावर. हे भरीत म्हणून वाढायचं नाही, चटणीसारखं तोंडी लावायचं. अननसाचा सॉस यात आंब्यापेक्षा बरा लागतो, त्याची आंबटाई जास्त असते म्हणून.

अंडी तर काय विचारूच नका. उकडलेलं अंडं मधून चिरून पिवळ्यावर थेंब, किंवा साधं आम्लेट, मिरची न घालता केलेलं. रोज वापरायची हीच सोपी वाट आहे, बाटली महिन्याभरात संपते.

तळणावर पण छान. गिलक्याची भजी, कांदा भजी, तळलेला मासा. त्यासाठी सॉस नुसता न देता घट्ट दह्यात कालवा, तीन-चार चमचे दह्याला एक चमचा सॉस, चिमूट मीठ, लहान मुलंही खातात मग. केळीचे वेफर याच दह्यात बुडवून खाऊन बघा, आपल्या गावचे खारे पातळ वेफर, बास. भाजलेला ज्वारीचा पापड आणि बिबडंसुद्धा याच्याबरोबर जातं. कोंबडी तव्यावर भाजत असाल तर सॉस शेवटी, उतरवल्यावर फासायचा, आधी फासला की त्यातली साखर आणि फळ करपतं, कडू होतं आणि घरभर ठसका. फोडणीत तर चुकूनही नको, गरम तेलातून तिखटाची जी वाफ उठेल तिने शेजारीसुद्धा खोकतील.

नको कशावर तेही सांगते. शेवभाजी, पातोडीचा रस्सा, काळ्या मसाल्याचं मटण, फौजदारी डाळ, नाही. कढी नाही, आंबटावर आंबट होतं. कळण्याच्या भाकरीला ठेचा आणि तेलच पाहिजे. आणि आमरसात घालून बघू का असं एकजण विचारून गेले होते, तर नको हो. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस खाताना आपण बाजूला झणझणीत रशी घेतोच ना, गोड आंबा आणि तिखट हे जोडीने खायचं आपल्याला कुणी तिकडून येऊन शिकवायची गरज नाही, पण वाट्या वेगळ्या असतात म्हणून मजा आहे. कापलेल्या पेरूवर, काकडीवर, गार टरबुजावर मात्र थेंबभर सॉस आणि काळं मीठ उन्हाळ्यात जबरदस्त लागतं.

तुमच्या बाटलीत गोड जास्त वाटत असेल तर वाटीत थोडा काढून त्यात लिंबू पिळा किंवा चिमूटभर आमचूर आणि काळं मीठ घाला. धडगाव-अक्कलकुवा भागात आदिवासी बाया गावठी कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर करतात, तो नंदुरबारच्या बाजारात मिळतो, रंग भुरकट असला तरी वास खरा असतो. बाटलीत सगळं एकदम ओतू नका, वाटीतच करा, जमलं तर वाढवा.

घरी करायचा असेल तर आपल्या भागात सामान काय कमी आहे. हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर लालजर्द मिरच्या वाळत पडलेल्या असतात, त्या वाळायच्या आधीची ओली लाल मिरची घ्या. फळ अर्धा किलो, पिकलेला आंबा किंवा चक्क केळं. केळ्याचा सॉस ऐकून हसू नका, फिलिपिन्समध्ये केळ्याचं केचप घराघरात असतं, मारिया ओरोसा या तिथल्या अन्नतंत्रज्ञ बाईंनी ते सुरू केलं, टोमॅटो मिळेना म्हणून. रावेर-यावलला केळीचे एवढे घड असताना आपण टोमॅटो केचप विकत आणतो, असो. अर्धा किलो गराला १०० ग्रॅम ओली लाल मिरची, २०० मिली साधं ४ टक्क्यांचं व्हिनेगर, १२-१५ ग्रॅम मीठ, चार लसूण पाकळ्या, गूळ चवीपुरता. तिखट कमी हवं तर मिरचीच्या आतली पांढरी शीर काढा, तिखट तिथेच तयार होतं, बिया नुसत्या तिला चिकटून तिखट होतात. हातमोजे घालाच, नाहीतर रात्री डोळ्याला हात लागला की मग बघा. केळं सोलल्या सोलल्या व्हिनेगरमध्ये टाका, नाहीतर काळं पडतं. सगळं मिळून १०-१५ मिनिटं उकळा, खिडकी उघडी ठेवून, गार झाल्यावर मिक्सरला, मग गाळणीतून.

टिकण्याचं गणित आंबटपणावर आहे. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. तो ४.६ च्या वर असेल तर बंद बाटलीत घातक जंतू वाढू शकतात, मी ४ च्या खालीच ठेवते. पीएच पट्ट्या मिळतात, बुडवून बघा, केळ्याला हटकून जास्त व्हिनेगर लागतं कारण केळं मुळात आंब्याइतकं आंबट नसतं. आणि घरगुती सॉस कितीही आंबट झाला तरी फ्रिजमध्येच, उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत, महिनाभरात संपवायचा. ओला चमचा घातला, वर बुडबुडे दिसले, झाकण उघडताना फस्स झालं, किंवा वास दारूसारखा यायला लागला तर हळहळ न करता फेकून द्या.

तुमच्या विकतच्या बाटलीचंही तेच, उघडल्यावर फ्रिजमध्ये, वापरताना हलवून, तोंड पुसून. वर पाणी आणि खाली गर वेगळा दिसला तर घाबरू नका, गोंद कमी घातलेल्या सॉसला असं होतं. घरात कुणाला अल्सर किंवा पित्ताचा त्रास असेल तर त्यांना लांब ठेवा, आग्रह करू नका. आज रात्री खिचडी टाका भाऊ, तेल सढळ, सॉस कडेला, आणि पहिल्या घासानंतर ते मिनिटभर थांबायचं विसरू नका.